गुणवंताची विजेची पेटी

पांढुर्ण्यात गुणवंताचा विषय निघाला की लोक पहिल्याच वाक्यात ‘बिचारा’ म्हणतात, आणि माझं डोकं फिरतं. बिचारा काय म्हणून? आमच्या भजनी मंडळात वर्षानुवर्षं पेटी वाजवली त्याने. आमचे बुवा यशवंतराव भलते हट्टी, पण गुणवंताचा सूर कानावर पडल्याशिवाय तोंड उघडत नसत. मी खंजिरीवाला, दिवसा कापडाच्या दुकानात गज घेऊन बसणारा. सुरातलं मला बेताचंच कळतं. पण डाव्या हाताने भाता हलवत गुणवंता उजवी बोटं पट्ट्यांवर सोडायचा, तेव्हा बुवांचा भरकटलेला आवाज मुकाट्याने जागेवर यायचा, एवढं मलाही ऐकू यायचं.

पोटासाठी त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, माझ्या दुकानाला लागूनच. टेपरेकॉर्डर आले तसं तेही मंदावलं. पण गुरुवारी संध्याकाळी धुतलेलं धोतर नेसून तो पेटीमागे बसला की त्याला कशाचीच फिकीर नसे.

चौऱ्याऐंशीच्या गोटमारीत, म्हणजे आमच्या दगडफेकीच्या जत्रेत, त्याचा डावा हात गेला. पोळ्याचा दुसरा दिवस, जाम नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे सावरगाव, आणि मधे दगडांचा पाऊस. गुणवंता दरवर्षी जायचा. आमच्यात कोण जात नाही? गोटा मनगटावर बसला. रीतीप्रमाणे त्याने देवीचा अंगारा लावला, घरी येऊन जेवला, झोपला. अंगाऱ्यावर भरवसा ठेवून तो डॉक्टरकडे गेलाच नाही, आणि गेला तेव्हा उशीर झाला होता. हाड वाकडं जुळलं आणि बोटांतला जीव गेला. साधी वाटी धरता येईना, तिथे भाता कुठला हलणार?

बायकोने, शकुंतलाने, समोर बसून भाता मारून पाहिला. पण सूर कुठे लांबवायचा, कुठे सोडायचा हे याच्या बोटांना ठाऊक, तिच्या हाताला नाही. चार ओळी झाल्या की दोघंही रडकुंडीला यायची. मंडळाला तर दर गुरुवारी पेटी हवीच. लोधीखेड्याहून बदलून आलेला हेमंत मास्तर बसू लागला. पोरगा सालस, हात तयार. त्याच्यात एखादी खोड असती तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

शेवटी बुवांनी गुणवंताला बोलावून घेतलं. “गुणवंता, हनुमान जयंतीले जामसांवळीच्या मारुतीपुढं आपलं भजन हाय. त्या दिवशी पेटी तू वाजव. जमलं त जागा तुही. नाई जमलं त हेमंत कायमचा बसन. मंडळ किती दिवस लोंबकळत ठेवू मी?”

“वाजवतो, बुवा,” गुणवंता म्हणाला. “ज्याले भाताच लागत नाई अशी पेटी वाजवतो.”

आम्हाला वाटलं, दुःखाने हा भ्रमिष्ट झाला. तसं नव्हतं. त्याच्या दुकानात व्हॉल्व्हचे मोठमोठे जुने रेडिओ धूळ खात पडले होते. लोकांनी दुरुस्तीला टाकले आणि न्यायला आलेच नाहीत. रेडिओचा काटा फिरवताना मधेच एक शीळ वाजते ना, ती शीळ धरून ठेवायची आणि पट्टी दाबली की तिचा सूर बदलेल असं करायचं. हे त्याने मला दहादा समजावलं, मी दहादा मान डोलावली.

मग एक दिवस दुकानातून फळ्या मोडल्याचा आवाज आला. जाऊन पाहतो तर त्याने स्वतःची पेटी फोडली होती, वडिलांनी घेऊन दिलेली. पट्ट्या तेवढ्या काढून ओळीने मांडल्या होत्या आणि भाता कोपऱ्यात फेकला होता. शकुंतला दारात तोंडाला पदर लावून उभी.

“अरे, हे काहाले केलं?” मी ओरडलोच.

“पट्ट्या कुठून आणू मंग?” तो म्हणाला. “आता मांगं फिराचा रस्ताच नाई ठेवला, वामन. बरं झालं.”

एका हाताने तो काम कसा करायचा ते पाहवत नसे. तार दातांत, जोडणीचा पाट पायाखाली, आणि उजव्या हातात डाग लावायचा तापलेला कावीया. कथलाचा थेंब उडून ओठ भाजायचा, तरी तार सोडायचा नाही. कोणी मदतीला वाकलं की अंगावर यायचा. रेडिओचं काम घेऊन येणाऱ्यांना त्याने हाकलून दिलं. दिवसेंदिवस पट्ट्या जोडलेल्या त्या रेडिओच्या खोक्यातून नुसती घरघर यायची आणि तो डोकं धरून बसायचा. “मह्याजवळ दुसरं काय हाय सांग,” एकदा तो मला म्हणाला, “पेटी गेली त मी फक्त गोटा लागलेला माणूस.”

आणि एका दुपारी खोकं बोललं. भुंग्यासारखा, पण सच्चा सा. मी खंजिरी घेऊन आलो आणि आम्ही दोघांनी बाजारपेठेत अख्खं भजन वाजवलं. बुवा येऊन ऐकून गेले. जाताना गुणवंताच्या पाठीवर हात ठेवून गेले.

अडचण विजेची होती. चैत्रात आमच्याकडे संत्र्याच्या बागांना पाणी सोडतात, गावोगावच्या मोटारी एकदम चालतात, आणि घरातला दिवा तांबडा होऊन बसतो. व्होल्टेज पडलं की खोक्याचा सूर उतरायचा. गुणवंता मुद्दाम जामसांवळीला जाऊन आला. तिथे लाइन आमच्यापेक्षा पडलेली. म्हणून त्याने सोबत स्टेपअप घेतला. पडलेली वीज वर उचलणारा डबा, मागे चढउताराचं बटण. बागवाल्यांच्या मोटारींचा त्याने असा पक्का बंदोबस्त केला.

शहाऐंशीच्या जयंतीला आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून सकाळीच पोचलो. गुणवंताने स्टेपअप लावून सूर जुळवले. हेमंत आपली पेटी घेऊन त्याच्याशेजारीच बसला. बुवांनीच बसवला होता. आमची पाळी दुपारी आली, महाप्रसादाच्या जरा आधी. मांडव माणसांनी भरलेला. बुवांनी सूर मागितला, गुणवंताने दिला, आणि भजन असं उठलं की माझ्या अंगावर काटा आला. लोक माना उंचावून त्या खोक्याकडे पाहत होते. गुणवंताचा चेहरा दोन वर्षांत मी तसा पाहिला नव्हता.

दुसऱ्या अभंगात बुवांचा आवाज ताणू लागला. मला वाटलं, रंगात आले. मग त्यांच्या गळ्याच्या शिरा दिसू लागल्या आणि माझ्या लक्षात आलं की सूरच वर चढतोय. वर टांगलेले तांबडे दिवे पांढरे होत होते. पंचक्रोशीतले बागवाले आपापल्या मोटारी बंद करून प्रसादाला निघाले होते. एकेक मोटार बंद पडत होती आणि लाइन चढत होती. आम्ही सगळा हिशोब केला होता, मारुतीच्या दिवशी शेतकरी बागेत थांबत नाही एवढंच विसरलो होतो. चढलेल्या विजेला स्टेपअप आणखी वर ढकलत होता.

बटण मागे फिरवलं असतं तर भागलं असतं. पण त्याला हात लागतो, आणि गुणवंताचा चालता हात पट्ट्यांवर होता. तो उचलायचा म्हणजे भर भजनात पेटी बंद, आणि ‘एका हाताचा काय वाजवणार’ हे सगळे म्हणत होते तेच खरं. त्याने बटणाकडे पाहिलं, आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मांडीवर पडलेली ती बोटं उचलली गेली नाहीत. हेमंतच्या ध्यानात आलं. त्याने हात पुढे केला.

“हात नको लावू,” गुणवंता दात आवळून म्हणाला आणि कोपराने त्याला ढकललं.

बुवांचा आवाज फाटला. खोक्यात फाडकन आवाज झाला, धूर निघाला आणि सूर मेला. बुवांनी न थांबता हेमंतकडे मान हलवली. हेमंतने पेटी धरली, आम्ही ओळ उचलली, आणि मागच्या लोकांना तर काही झालं हे कळलंही नसेल. गुणवंता मात्र वाजवतच होता. मेलेल्या पट्ट्यांवर त्याची बोटं भजन संपेपर्यंत फिरत राहिली, एकही जागा न चुकता. मी खंजिरी वाजवत होतो आणि मला रडू येत होतं.

परतताना ट्रॉलीत खोकं त्याने कोणालाच धरू दिलं नाही.

पुढच्या गुरुवारी तो येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. तो आला, जरा उशिरा, धुतलेलं धोतर नेसून, आणि दाराशी ऐकणाऱ्यांत बसला. आमच्याकडे उशिरा आलेल्या माणसाच्या हाती टाळ देण्याची रीत आहे. बुवांनी मान वर न करता टाळांची जोडी त्याच्याकडे सरकवली. “घे गुणवंता, धर ताल.”

गुणवंताने एक टाळ उजव्या हातात उचलला. दुसऱ्याकडे पाहत राहिला.

“याले दोन हात लागतेत, बुवा,” तो म्हणाला.