क्लोनडॉकिनच्या गॅरेजमधला अल्बम

बँडमध्ये गाणी कमी तयार होतात, किस्से जास्त. आमच्या पहिल्या अल्बमला एवढा वेळ लागला, की तेवढ्यात किस्स्यांचा ढीग झाला. काही सांगताना आम्ही अजून हसतो. काही निघाले की निखिल उठून चहा ठेवायला जातो.

बँड म्हणजे तिघं. गॅरी गातो, गिटारही वाजवतो. मूळचा लीड्सचा, म्हणजे ब्रिटिश. आता स्वोर्ड्सला राहतो आणि एअरपोर्टवर सामान चढवतो. पुण्याचा निखिल सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, वाजवतो, रेकॉर्डिंगही तोच बघतो. मी नागपूरचा, बेस गिटारवाला. गॅरेज माझं, क्लोनडॉकिनच्या घराचं. गॅरीला ऐंशीच्या दशकातलं न्यू वेव्ह हवं होतं: थंडगार सिंथ, ड्रम मशीनची ठकठक आणि खोल आवाजातली उदास गाणी. नागपूरच्या माणसाला उदास व्हायला इथला नोव्हेंबर पुरतो, त्यामुळे माझं जमून गेलं.

*

सँट्रीच्या एका पबमध्ये पहिला शो होता. मालकाने माइकवर सांगितलं, "आता एक ब्रिटिश बँड." मग वळून आमच्याकडे पाहिलं. मध्ये गॅरी, दोन बाजूंना आम्ही.

"बरं, एक तृतीयांश ब्रिटिश."

पब हसला. गॅरी माइकमध्ये म्हणाला, "उदास मात्र तिघंही आहोत."

*

निखिलने एक जुना सिंथ घेतला. गारठ्यात तो बेसूर व्हायचा, म्हणून आम्ही तो घरातल्या हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीजवळच्या कपाटात, टॉवेलांमध्ये ठेवायचो. तेव्हा माझी आई नागपूरहून आली होती. टॉवेल काढायला गेली आणि तिथूनच ओरडली, "याले बाळंतिणीवानी शेकत ठेवलं, अन् तो गोरा पोरगा इतका खोकून राहिला, त्याचं काहीच नाही!"

तिने गॅरीसाठी ज्येष्ठमधाचा काढा केला. त्याने हसून कप घेतला आणि ती वळताच सिंकमध्ये ओतला.

"घसा मोकळा झाला तर अल्बमचं वाटोळं होईल," तो म्हणाला. "असा बसका आवाज मला विशीपासून हवा होता."

आवाज खरंच भारी लागत होता.

*

काही महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, की घशात कॅन्सर आहे आणि स्वरयंत्र काढावं लागेल. गॅरीने गिटार लावता लावता आम्हाला हे सांगितलं.

"आपण गाणी कमी करू," निखिल म्हणाला.

"नको रे. अल्बम लवकर संपला तर मी पुढे काय करू?"

मग ऑपरेशनपर्यंत आम्ही रोज रेकॉर्डिंग केलं. त्याचा आवाज दिवसेंदिवस जास्त खरखरीत होत चालला होता.

*

त्या दिवसांत आई पुन्हा आली होती; एकदा गॅरेजमध्ये बसून ऐकत होती. तिला इंग्रजी कळत नाही.

"काय म्हणून राहिला तो?"

"पाऊस पडतोय आणि याची बस चुकलीय."

"अन् त्याच्यासाठी एवढा जीव तोडून राहिला?"

ती काय म्हणाली ते गॅरीने विचारलं. मी सांगितलं.

"आईंना सांग," तो म्हणाला, "शेवटची बस होती."

*

ऑपरेशननंतर गॅरी पहिल्यांदा गॅरेजवर आला, तो गळ्याला पाडलेल्या छिद्रावर कापड बांधून. श्वास आता तिथूनच घ्यायचा. बोलायचं ते फोनवर टाइप करून दाखवायचं. अल्बम तयार होता, ऐकायचा तेवढा राहिला होता. आम्ही ऐकायला बसलो.

तिसऱ्या गाण्यात त्याने हात वर केला आणि फोन आमच्यापुढे धरला. "दुसऱ्या कडव्यात सूर उतरलाय. परत घेतो."

मी निखिलकडे पाहिलं. तो उठला, माइक गॅरीच्या उंचीला लावला, त्याला हेडफोन दिले आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

गॅरी पूर्ण गाणंभर उभा होता. डोळे मिटलेले, ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. माइकमध्ये फक्त कापडामागचा श्वास येत होता. कडव्यांच्या मधल्या जागेत तो नेहमीसारखा थांबला आणि नेहमीसारखाच वेळेवर परत आला.

गाणं संपलं. त्याने हेडफोन काढले आणि टाइप केलं, "हा ठेवा."