फ्राऊ केलरच्या आईचा मूकपट

किटलीतला क्षार काढायला आज व्हिनेगर ओतलं आणि त्या उग्र वासासरशी मला जर्मनीतलं, झिंडेलफिंगेनचं माझं जुनं घर आठवलं. शेजारच्या फ्राऊ केलर आजींच्या आईनं तरुणपणी अमेरिकेत एका मूकपटात काम केलं होतं. त्याचं रीळ खूप शोधून आजींनी मिळवलं आणि मला हौसेनं बोलावलं. डबा उघडला, तर असाच उग्र वास आला आणि आत कुजलेल्या फिल्मची नुसती तपकिरी भुकटी.

"दुसरी प्रत असेल कुठेतरी," मी म्हणालो.

"नाइन, नाही, ही शेवटचीच," त्या म्हणाल्या. "मला एकदा आईला चालताना बघायचं होतं. मला कळायला लागल्यापासून ती अंथरुणातच होती."

दुसरी प्रत मिळाली नाही, आजीही गेल्या.

आता माझी आईही नाही. मोबाइलमध्ये ती फाटकापर्यंत चालत येते, आणि तेवढ्यात मला पुढे बघवत नाही, व्हिडिओ थांबवावा लागतो.