एकाच खुर्चीपुरतं गाणं

पूर्णा जंक्शनला रेल्वेच्या क्वार्टरांत आमी राहायचो, तेव्हा अख्ख्या ओळीत रेडिओ म्हणावा असा आमचाच. मालक गार्ड होते. ते गाडीवर गेले की दुपारी बाया सुपं घेऊन निवडायला माझ्याकडं यायच्या. चहा व्हायचा, आणि सुई कुठं ठेवायची ते मी ठरवायची. राज्यच होतं म्हणा ना.

मग शेजारच्या बंगलीत नवे इंजिनियरसाहेब आले. त्यांच्या भावानं विलायतेहून स्पीकर पाठवले. स्पीकर म्हणजे पेटी, एवढंच आमाला ठाऊक. हे निघाले चपटे, जाळीचे, बुटक्या पायांवर उभे.

"अगं बया," मी म्हणाले, "ही तर पार्टिशनं! मागं न्हाणी करायलेत की काय?"

बाया लय हसल्या. पण दुसऱ्या दिवशी सुपं बंगलीत गेली.

मी काही दिवस फिरकले नाही. शेवटी साहेबांची बायको स्वतः बोलवायला आली. "वहिनी, तुम्हीच तेवढ्या राहिलात." गेले मग.

तिनं सगळं समजावलं. आत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा असतो, त्यात वीज भरून राहते, आणि अख्खा पडदा थरथरतो तेच गाणं. मागूनही वाजतात, म्हणून भिंतीपासून लांब ठेवायचे. बिचारीची निम्मी खोली त्यांनीच खाल्ली होती. धूळ ओढून घेतात, दमट हवेत तडतडतात. आणि गाणं खरं ऐकू येतं ते एकाच खुर्चीत, दोन्ही स्पीकरांच्या मधोमध. जरा सरकलं की गेलं. म्हणून लग्नात नवरीशेजारी फोटोला बसावं तशा बाया पाळीपाळीनं त्या खुर्चीत बसत होत्या.

माझी पाळी आली. ठुमरीची रेकॉर्ड होती. गाणारीनं तोंड उघडायच्या आधी श्वास घेतला, तो मला ऐकू आला. जाळीच्या पुढं, हवेत, हात लावावा अशी ती बाई उभी होती. माझ्या काळजात निखाराच पडला.

"कसं वाटलं?"

"चांगलंय. पण डग्गा कुठं गेला हो? आमच्या रेडिओत कसा धडधडतो!"

"हेही तेच म्हणतात," ती म्हणाली. "खर्जाला जरा कमीच आहेत."

झालं! भांडायचीही सोय ठेवली नाही.

रात्री मालकांना म्हणाले, "तसले आपण आणायचे का?" तर म्हणतात, "ठेवायचे कुठं, माझ्या डोक्यावर?"

दसरा आला. आमच्याकडं त्या दिवशी घरातल्या हत्यारा-यंत्रांची पूजा असते. शिलाईची मशीन, सायकल, मालकांचा हातदिवा, सगळ्यांना कुंकू लागतं. साहेबांची आई सणाला गंगाखेडकडच्या गावाहून आली होती. मी सोनं द्यायला गेले तेव्हा तिची पूजा चालू होती. दोन्ही स्पीकरांना कुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या, आणि आंब्याचं पान तांब्यात बुडवून, बैलावर शिंपडावं तसं सढळ हातानं पाणी मारलं. स्पीकरची वायर कायम प्लगातच असायची. तड्‌ तड्‌ झालं, जाळीत निळी ठिणगी दिसली, जळका वास आला.

"घेतलं बग देवानं पाणी!" म्हातारी खूश.

"आई, तू आधी बाजूला हो," म्हणत साहेबांनी वायर उपटली. एक स्पीकर मुका झाला, तो दुरुस्तीला मुंबईला गेला.

सुपं पुन्हा माझ्या दारी आली. माझं राज्य मला परत मिळालं, पण रेडिओ लावला की वाटायचं, गाणारीला कुणी गोधडीत गुंडाळून ट्रंकेत कोंबलंय. मी सुई फिरवली, रेडिओ भिंतीपासून लांब सरकवला.

"काय खुडबुड लावलीय? चांगला वाजायलाय की," बाया म्हणायच्या. त्यांना काही फरक पडला नव्हता. मलाच ऐकवेना.

शेवटी एका दुपारी त्यांना निवडत सोडून बंगलीत गेले. साहेबांची बायको उरलेल्या स्पीकरची धूळ मऊ ब्रशानं काढत होती.

"आला का हो मुंबईहून?"

"नाही अजून. पण वहिनी, तुम्हाला तर आवडलं नव्हतं ना?"

"मी डग्ग्याचं म्हणाले होते, गाण्याचं न्हाई. आला की पहिली पाळी माझी. त्या बायांना काय कळतंय!"

ती हसायला लागली. "पहिली पाळी सासूबाईंनी आधीच धरून ठेवलीय."

मग काय, त्या म्हातारीवर जळत जळत घरी आले.