बाईंची थंड हवेची जास्वंद

जास्वंदीवर प्रेम करणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण जास्वंदीला शिस्त लावायला निघालेली बाई मी तरी एकच पाहिली, आणि माझ्या नशिबाने ती अकरा वर्षं माझी साहेब होती. बेलापूरच्या सरकारी कचेरीत आमच्या शाखेच्या त्या अधीक्षक. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. शाखेत बायका आम्ही नऊ जणी होतो, पण 'बाई आल्या' म्हटलं की बाकीच्या आठ जणी खुर्चीत सरळ बसत. फायलीची दोरी सैल बांधलेली दिसली तर त्या ती सोडून परत बांधायला लावत, आणि आपण बांधत असताना शेजारी उभ्या राहत. त्या निवृत्त झाल्या तेव्हा मी निरोपसमारंभात दोन शब्द बोलताना खरोखरच रडले, पण त्यात सुटकेचा भाग किती होता ते मलाही नक्की सांगता येणार नाही. सुटका अर्थात झालीच नाही. आठ महिन्यांनी आम्ही नेरूळला घर घेतलं, सामान लावून झाल्यावर मी स्वयंपाकघराची खिडकी उघडली, तर समोरच्या इमारतीच्या तळमजल्यामागे, हाताचा पंजा कमरेवर ठेवून, एका झुडपाकडे रोखून बघत बाई उभ्या होत्या. त्या झुडपाबद्दल मला तेव्हाच सहानुभूती वाटली.

तळमजल्याच्या घरामागे त्यांना पट्टीसारखी लांबट जागा होती. तिथे कुंड्या, तेलाचे डबे आणि एक जुनी बादली मिळून चाळीसेक जास्वंदी होत्या. गावठी लाल, पिवळी, दुहेरी नारिंगी, पांढरी, झिरमिळ्यांची. आपण फुलं बघून 'किती छान' म्हणतो, तसं तिथे म्हणायची सोय नव्हती. बाई फुलं बघायच्याच नाहीत. त्या फुलांची लग्नं लावायच्या. उद्या उमलणारी कळी त्या आदल्या संध्याकाळी हेरून ठेवत. पहाटे ती पुरती उमलण्याआधी पाकळ्या अलगद बाजूला करून तिचे परागकोश चिमट्याने काढून टाकत, म्हणजे तिने आपल्याच परागावर बी धरू नये. मग दुसऱ्या झाडाच्या फुलातला पराग ब्रशने उचलून हिच्या टोकावरच्या पाच मखमली ठिपक्यांना लावत. ब्रश होता डोळ्यांचा मेकअप करायचा. भाचीने वाढदिवसाला पेटीभर मेकअप दिला होता, त्यातली ही एकच वस्तू बाईंनी उपयोगाची मानली. नंतर त्या फुलावर जाळीची पोटली चढायची आणि देठाला दह्याच्या डब्यातून कापलेली पांढरी पट्टी लागायची. पट्टीवर आई कोण, बाप कोण, तारीख आणि वेळ. वेळ मिनिटांसकट.

या पोटल्यांपायी बाई लग्नांना जाऊ लागल्या. लग्नातून निघताना हातावर सुकामेवा ठेवतात ना, त्या जाळीच्या पोटल्यांतून? त्यांच्या आकाराचं आणि विणीचं बाईंना फार कौतुक होतं. कुणाच्या भाच्याच्या साडूच्या मुलीचं लग्न असलं तरी बाई अक्षता टाकायला हजर, आणि निघताना आपली पोटली घेऊन वर मला दटावून माझीही काढून घ्यायच्या. बदाम मला, पोटली त्यांना. एकदा वधूच्या आईने मोठ्या हौसेने कागदी डब्या दिल्या, तर बाई परतीच्या रिक्षात वाशीपर्यंत बोलल्या नाहीत.

बाईंचं खरं वैर होतं ते शिंजीर पक्ष्याशी. चिमूटभर जीव, पण तो या फुलातून त्या फुलात चोच बुडवत फिरायचा आणि बाईंच्या नोंदींचा बोजवारा उडवायचा. त्या त्याला हाकलायच्या नाहीत, समज द्यायच्या. सकाळी सात ते नऊ त्यांचा फोन बंद असे. पावसाळ्यात बाई स्वतः भिजत उभ्या आणि छत्री कुंडीवर, हे दृश्य तर आमच्या सोसायटीला इतकं सवयीचं झालं की वॉचमनसुद्धा विचारीनासा झाला.

अशा बाईंना हिमाचलातल्या कुणा बागवेड्या बाईंनी पोस्टाने सहा बिया पाठवल्या. थंड मुलखातल्या जास्वंदीच्या. ही जास्वंद म्हणे हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरते, बर्फाखाली मुळांवर झोपून राहते, आणि उन्हाळा लागला की पुन्हा फुटून ताटाएवढं फूल देते. ताटाएवढं हा शब्द बाईंनी मला पत्रात बोट ठेवून दाखवला. मी म्हटलं, बाई, नेरूळला बर्फ कुठून आणायचा? त्यांनी माझ्याकडे, मी चुकीचा जावक क्रमांक टाकल्यावर बघायच्या तसं बघितलं. बियांचं कवच टणक होतं. ते त्यांनी नेलकटरच्या कानशीने एकेक करून घासलं, रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं, आणि सहातल्या तीन बियांची दिवाळीपर्यंत हातभर उंच रोपं केली.

डिसेंबरात त्या माझ्या दारात आल्या, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं. रोपांना झोप हवी होती, आणि झोपेला थंडी. बाईंचा फ्रिज लहान, माझा मोठा. रोपं वरून छाटून, मुळं धुऊन, ओल्या कागदात बांधून त्यांनी आणली होती. भाजीच्या कप्प्यात सहा आठवडे ठेवायची, दार फार वेळ उघडं ठेवायचं नाही. मी निवृत्त साहेबांना 'हो' म्हटलं, जसं अकरा वर्षं म्हणत आले होते, आणि घरात सांगायचं विसरले.

आमच्या घरी माझ्या सासूबाई असतात. मी त्यांना आई म्हणते. साताऱ्याकडच्या, कामाला वाघ, आणि नेरूळच्या भाजीबाजारावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. पुढच्या एकादशीला मी ऑफिसातून घरी आले तर आई ओट्याशी उभ्या, ताटलीत जाडजूड मूळ, अर्धं सोललेलं, शेजारी किसणी. मला बघून म्हणाल्या की हे कसलं रताळं आणलंस, नुसतं लाकूड हाय, किसच पडंना.

बाईंना सांगायला मी आईंना बरोबर घेऊन गेले, कारण एकटीने जायची माझी छाती नव्हती. बाईंनी ते मूळ हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. मला वाटलं, आता कचेरीतल्यासारखं ज्ञापन मिळणार. पण बाईंच्या आधी आईच बोलल्या. म्हणाल्या, गावाकडं उसाच्या बेण्याला जखम झाली तर आम्ही राख लावतो, आन हिला हळद लावा, कुजायची न्हाई. बाईंनी आजवर कुणाच्या सूचना ऐकल्याचं माझ्या पाहण्यात नव्हतं. त्या आत गेल्या आणि हळदीची बरणी घेऊन आल्या. दोघींनी मिळून मुळाला हळद फासली, आणि ते पुडकं पुन्हा माझ्या फ्रिजमध्ये आलं. या वेळी त्यावर बाईंच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती: 'झोपलेले रोप. खाऊ नये.'

फेब्रुवारीत तिन्ही मुळं कुंडीत लागली. एक कुजलं. उरलेल्या दोहोंपैकी जे अर्धं सोललेलं होतं, ते आधी फुटलं. आईंनी याचं श्रेय हळदीला दिलं, बाईंनी निचऱ्याला, आणि त्या मुद्द्यावर दोघी रोज सकाळी त्या पट्टीत उभ्या राहून बोलू लागल्या. जुलैत पहिलं फूल आलं. पांढरंशुभ्र, मध्यभागी गडद लाल डोळा, आणि खरोखर ताट नसलं तरी ताटलीएवढं नक्की. सकाळी उमलून संध्याकाळी मिटलं. या फुलाचं आयुष्यच एका दिवसाचं. दुसऱ्या झाडाला गुलाबी कळ्या होत्या. या दोघांचं लग्न लावायचं बाईंनी ठरवलं. तारखा जुळेनात तेव्हा गुलाबीचा पराग कुंकवाच्या डबीत घालून माझ्या फ्रिजमध्ये आला. आता आई फ्रिज उघडण्याआधी मलाच विचारत.

पण लग्न लागेना. बाई पराग लावायच्या, पोटली बांधायच्या, आणि चौथ्या दिवशी फूल देठासकट गळून पडायचं. एक, दोन, तीन, चार. बाई म्हणत, हवेत दमटपणा फार आहे. मग म्हणाल्या, पराग शिळा झाला. मी 'हो' म्हणत राहिले. मला दिसत होतं, पण मी बोलले नाही. साहेबाची चूक दाखवायची सवय मला कधी लागलीच नव्हती. बाईंचा ब्रश फुलाच्या टोकाला लागतच नव्हता. तो पाकळीला लागायचा, जाळीला लागायचा, हवेत फिरायचा, आणि पिवळी पूड खाली मातीत सांडायची.

बोलल्या त्या आई. कसलाही आडपडदा न ठेवता, जसं मीठ कमी पडलंय म्हणून सांगावं तसं.

"बाई, तुमचा हात कापतोय."

बाईंनी ब्रश पेल्यात ठेवला, हात पदराला पुसला आणि आत निघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी खिडकीतून बघत होते: सात वाजले, आठ वाजले, शिंजीर बिनधास्त सगळ्या कुंड्यांमधून फिरत होता आणि त्याला समज द्यायला कुणी नव्हतं. मला राग आईंचा आला, मग स्वतःचा. इतकी वर्षं मी त्या हाताने लिहिलेले शेरे वाचले होते. एका रेषेत, कधी खाडाखोड नाही. त्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या आणि हे कापणं आता वाढतच जाणार हे त्यांना महिन्याभरापासून माहीत होतं, असं मला पुढे कळलं.

तिसऱ्या दिवशी पावणेसातला बेल वाजली. बाई. केस नीट बांधलेले, इस्त्रीची साडी, म्हणजे कामावर निघाल्यासारख्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. आईंना म्हणाल्या, "ताई, तुम्ही दारात रांगोळी काढता ना, ती मी रोज बघते. रेघ हलत नाही तुमची. आज त्या पांढऱ्याची शेवटची कळी उमलतेय. येता का?"

आईंनी गॅस बंद केला आणि निघाल्या. मेकअपचा ब्रश त्यांनी नाकारला. देवघरातून एक फुलवात उचलली आणि तिचं टोक बोटांनी वळून अणकुचीदार केलं. बाई भिंग धरून शेजारी स्टुलावर बसल्या आणि हुकूम सोडू लागल्या. जरा वर. डावीकडचा ठिपका राहिला. पाचही झाले पाहिजेत. आई म्हणाल्या की बाई, तुमी जरा गप बसा. आणि बाई गप बसल्या. आईंनी श्वास रोखून पाची ठिपक्यांना पाच वेळा वात टेकवली, एकदाही न हलता. पट्टी मी लिहिली.

चौथा दिवस उलटला. फूल गळलं, पण देठ राहिला. मग देठावर हिरवं बोंड दिसू लागलं आणि फुगू लागलं. ते सहा आठवडे दोघी त्या बोंडाकडे ज्या नजरेने बघत होत्या, त्या नजरेने माझ्या नवऱ्याच्या बढतीकडेही कुणी पाहिलं नाही. बोंड तपकिरी होऊन तडकलं तेव्हा आत नऊ बिया होत्या.

त्या बियांची पुन्हा तीच सगळी वरात झाली: कानस, कोमट पाणी, कुंड्या, माझा फ्रिज. पाच रोपं जगली आणि पुढच्या जुलैत त्यातल्या एकाला कळी आली. आदल्या दिवशी बाईंचा फोन आला, मी रजा टाकली. सकाळी आम्ही तिघी प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलो. साडेसहाच्या सुमाराला फूल सुटू लागलं. आईबापांपेक्षा लहान निघालं. रंग पांढरा नाही, गुलाबी नाही; दुधात चुकून सोलकढी सांडावी तसा काहीतरी. लाल डोळा फिकट झालेला, आणि एक पाकळी कडेला मुडपलेली. मी मनात म्हटलं, एवढ्यासाठी? आई बाईंच्या तोंडाकडे बघत होत्या. सवयीने त्यांनी वात वळून तयार ठेवलीच होती, ती त्यांनी पुढे केली.

बाई म्हणाल्या, "राहू दे, ताई. आज नुसतं बघू. हा रंग आपल्याआधी कुणी पाहिलेला नाही."

मग खरंच आम्ही दिवसभर बघितलं. डबे तिथेच आणले, चहा तिथेच झाला. सोसायटीतले येऊन बघून गेले, बहुतेकांनी फोटो शेजारच्या मोठ्या लाल जास्वंदीचा काढला. बाई तेव्हा फुलांचे नियम सांगत होत्या: नवीन जात निघाली की तिला नाव द्यावं लागतं. आई म्हणाल्या, तुमचं द्या की. बाईंनी मान हलवली आणि विचारलं, ताई, तुमचं माहेरचं नाव काय?

आईंना पटकन कळेचना. लग्नात त्यांचं नाव बदललेलं. मी पंधरा वर्षं त्यांची सून, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. बहुधा त्यांच्या मुलालाही नसावा. मग एखादी जुनी वस्तू कपाटातून काढावी तसं म्हणाल्या, "हौसा."

पट्टी लिहायला मी पेन उचललं, पण बाईंनी ते माझ्याकडून घेतलं. डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी ती दोन अक्षरं लिहिली. बराच वेळ लागला. अक्षर वाकडं आलं, मात्रा भलतीकडे गेली. त्यांनी ते खोडलं नाही. संध्याकाळी फूल मिटेपर्यंत दोघी तिथेच होत्या, मी मात्र कुकर लावायला घरी आले.

गेल्या दिवाळीनंतर बाई ऐरोलीला भाचीकडे राहायला गेल्या. अकरावा मजला, ग्रिलमध्ये दोन कुंड्यांची जागा. बाकीच्या जास्वंदी सोसायटीत वाटल्या गेल्या, तळमजल्यामागच्या पट्टीत नव्या माणसांनी सायकली लावल्यात. हौसाची कुंडी आमच्या गॅलरीत आहे. डिसेंबरात आईंनी तिची मुळं न विसरता फ्रिजमध्ये घातली आणि दर दोन दिवसांनी काढून बघितली.

बाई रविवारी फोन करतात. आधी पाच मिनिटं माझ्याकडून नव्या साहेबांच्या कामाचा आढावा घेतात, आणि त्यांना काही जमत नाही हे ऐकून बरं वाटून घेतात. हल्ली त्यांचा आवाजही थोडा कापतो. मग म्हणतात, "बरं, आता हौसाला दे." मी फोन घेऊन आत जाते. आई हातातलं काम टाकतात, पदर सारखा करतात, आणि त्या नावाला 'ओ' देतात. मी दार लोटून घेते.