अडतिसावी गाडी

डेपोचं नाव राहू द्या. नाव सांगितलं की कुणाचा तरी मेहुणा तिथे कामाला निघतो आणि उगाच भांडणं होतात. वसईतला एक बस डेपो, एवढं पुरे. त्या डेपोत अडतीस गाड्या होत्या आणि त्यांच्यावर एका माणसाचं राज्य चालायचं. त्याचं नाव फ्रेडरिक रुमाव.

होळी गावचा माणूस. कंडक्टर म्हणून लागला, दहा वर्षं तिकिटं फाडली, मग कंट्रोलर झाला आणि १९८७ साली वेळापत्रक त्याच्या हाती आलं. एक फेरी संपवून आलेली गाडी पुढच्या कुठल्या फेरीला पाठवायची, हे ठरवायचं त्याचं काम. ऐकायला सोपं वाटतं. दिवसाच्या चारशे बारा फेऱ्या घेऊन बसा, म्हणजे घाम कुठून कुठून येतो ते कळेल.

फ्रेडरिकने घरच्या एका मोडक्या दाराची फळी घेतली. तिच्यावर डावीकडून उजवीकडे दिवसाचे तास आखले. प्रत्येक फेरीला दोन खिळे ठोकले, एक सुटण्याचा, एक पोचण्याचा. मग पोचण्याच्या खिळ्यापासून पुढच्या एखाद्या सुटण्याच्या खिळ्यापर्यंत नायलॉनचा दोरा बांधायचा. म्हणजे ही गाडी ती फेरी झाली की ही फेरी घेणार. असे तीनशे चौऱ्याहत्तर दोरे होते. एका टोकाला बोट ठेवून पुढे पुढे सरकवलं की एका गाडीचा अख्खा दिवस बोटाखालून जाई. नवा डेपो मॅनेजर आला की फ्रेडरिक त्याला आधी फळी दाखवायचा आणि मग चहा विचारायचा.

दोऱ्याची गाठ त्याला अर्नाळ्याच्या नथूने शिकवली होती. नथू मासेमारी करणारा. त्याची गाठ जाळ्याची, ओढाल तसतशी घट्ट होणारी. फ्रेडरिकला ती फार पटली. एकदा दोरा बांधला की सोडायचा नाही, हा त्याचा नियमच झाला. नवी फेरी आली तर जुन्या दोऱ्यांना धक्का न लावता तिला जागा शोधायची. सापडली तर ठीक, नाहीतर नाही.

"आमच्यात लगीन मोडत नाय," तो म्हणायचा. "एकदा बांधलं ते बांधलं."

या फळीवर एक गंमत मात्र अशी होती, जी फक्त त्याला, अर्नाळ्याच्या ड्रायव्हरला आणि तिथल्या मासेवाल्या बायांना ठाऊक होती. अर्नाळ्याच्या होड्या भरतीबरोबर किनाऱ्याला लागतात, बायांची मासळी तेव्हाच गाडीत चढते आणि भरती काही डेपोच्या घड्याळाला विचारून येत नाही. ती रोज पाऊण तासाने पुढे सरकते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब साधा आहे. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. कागदावर अर्नाळ्याच्या सकाळच्या एका गाडीला भलीमोठी 'विश्रांती' लिहिलेली असे. प्रत्यक्षात ती गाडी पाच ते नऊच्या मध्ये कधी सुटायची ते फ्रेडरिक तिथी बघून ठरवायचा. भरती त्या वेळेबाहेर गेली की गाडी मुकाट्याने कागदाप्रमाणे सुटे. दर रविवारी मिस्साला जाणाऱ्या या माणसाच्या खणात बायबल होतं की नाही कुणास ठाऊक, पंचांग मात्र कायम होतं.

आता त्याची बायको कॅथरिन. होळीच्या वाडीत तिचा भाजीपाला, मुळा, वांगी, अळू, दुधी. पहाटे टोपली भरायची, डोक्यावर चुंबळ ठेवायची आणि मोठ्या रस्त्यापर्यंत पंचवीस मिनिटं चालायचं. तिथून नवऱ्याच्याच डेपोची गाडी पकडून स्टेशनच्या बाजारात. वाडीतल्या वीस-पंचवीस बाया अशाच चालायच्या. लग्नाच्या वेळी तिची मान कशी उंच होती, हे फ्रेडरिकच्या आईनेही कबूल केलेलं. आता ती रोज संध्याकाळी मानेला तेल चोळत बसायची.

"एक गाडी वाडीत घातली तं काय व्हईल?" ती विचारायची.

"गनित बसत नाय," फ्रेडरिक म्हणायचा.

गावकऱ्यांनी अर्ज दिला. गणित बसत नाही. चर्चच्या फादरनी शब्द टाकला. फादर, गणित बसत नाही. तो खोटं बोलत नव्हता, हे आधी सांगून ठेवतो. दर पावसाळ्याआधी तो फळी समोर घेऊन बसायचा, होळीच्या फेरीसाठी पहाटे पावणेसहाला मोकळी गाडी शोधायचा आणि ती सापडायची नाही. शिवाय बायकोसाठी गाडी वळवली असं कुणी म्हणेल, ही धास्ती होतीच. त्यामुळे नाही म्हणताना त्याला आपण फार सरळमार्गी आहोत असंही वाटायचं. अकरा वर्षं असं वाटून घेणं काही लहान सुख नाही.

१९९८ साली मॅनेजर म्हणून सदानंद साहेब आले आणि त्यांच्यामागून अश्लेषा आली. नायगावच्या नव्या इमारतीत राहणारी, मुंबईला गणित शिकणारी, चष्मा लावणारी मुलगी. कमीत कमी गाड्यांत जास्तीत जास्त फेऱ्या कशा बसवायच्या, हाच तिच्या अभ्यासाचा विषय. साहेबांनी तिला चारशे बारा फेऱ्यांचे कागद द्यायला सांगितले. फ्रेडरिकने ते कागद असे दिले, जसे आपण शेजाऱ्याला कढई देतो.

आठ दिवसांनी ती कडेला भोकं असलेल्या कॉम्प्युटरच्या कागदाची लांबलचक पट्टी घेऊन आली. "छत्तीस गाड्यांत बसतं, सर," ती फ्रेडरिकला म्हणाली.

ड्रायव्हर लोक खिडकीला लागले. फ्रेडरिकने चष्मा पुसला, पट्टी पाहिली आणि मग असा हसला की त्याचं पोट टेबलाला लागलं.

"बाय, ही अर्नाळ्याची गाडी तू रोज पाच दहाला सोडते. आज तिथी काय?"

"तिथी?" अश्लेषा म्हणाली.

मग निघालं पंचांग. एका मॅनेजरसमोर, सहा ड्रायव्हरांसमोर फ्रेडरिकला अकरा वर्षांची 'विश्रांती' उघड करावी लागली. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण गाडी रोज भरून येते हे त्यांनाही दिसत होतं. अश्लेषाने मात्र तोंड वाकडं केलं नाही. तिने वही काढली आणि विचारलं, "तिथी गुणिले पाऊण? पुन्हा सांगा ना, काका." सरचा काका झाला तो त्या दिवशी. फ्रेडरिकला ही पोर आवडली आणि नेमका तिथेच त्याचा घात झाला.

कारण चार दिवसांनी ती परत आली. भरतीसकट, पंधराही तिथी धरून. "छत्तीस चुकलं माझं," ती म्हणाली. "सदतीस."

सदानंद साहेब खूश झाले. एक गाडी वाचली तर ती पहिल्या तारखेच्या आत नव्या फेरीला लावायची, नाहीतर दुसऱ्या डेपोत जाणार, असा वरचा नियम. "पण रुमाव," ते म्हणाले, "भरतीचं हे प्रकरण तुमच्याशिवाय कुणाला कळत नाही. तुम्ही तपासून सांगा. जमतं म्हणालात तर जमतं, नाही म्हणालात तर विषय संपला. शुक्रवारपर्यंत."

म्हणजे बघा. चोराच्याच हाती तिजोरीच्या किल्ल्या. फ्रेडरिकने नुसतं "नाही" म्हटलं असतं तर त्याचे अडतीस अडतीसच राहिले असते. कुणी विचारलं नसतं.

त्याने फळी घरी आणली. तीन दिवस ओटीवर मांडून बसला. पट्टीत चूक सापडावी म्हणून त्याने किती प्रार्थना केली ते सांगत नाही, देवालाही लाज वाटेल. चूक सापडली नाही. उलट पट्टीत पाहिलं तर प्रत्येक जोड बरोबर आणि फळीवर पाहिलं तर पहाटेची गाडी मोकळी होतच नाही. दोन्ही खरं कसं असेल?

गुरुवारी संध्याकाळी अश्लेषा स्वतःच होळीला आली. कॅथरिन ओटीवर मुळ्याच्या जुड्या बांधत होती. अश्लेषा फळीपाशी मांडी घालून बसली आणि दोऱ्यांकडे बघून म्हणाली, "काका, किती सुंदर आहे हे!" तिने खरंच मनापासून म्हटलं. मग तिने एका दोऱ्यावर बोट ठेवलं. "हा सोडा."

"सुटत नाय तो. जाळ्याची गाठ हाय."

"बरं, समजा सुटला. प्रत्येक फेरीचं शेवटचं टोक म्हणजे नवरा, पुढच्या फेरीचं सुरुवातीचं टोक म्हणजे नवरी. जितकी लग्नं जास्त, तितक्या गाड्या कमी. चारशे बारा वजा तीनशे चौऱ्याहत्तर, अडतीस. बरोबर?"

"बरोबर."

"हा नवरा तुम्ही या नवरीला दिलात, कारण ती आधी दिसली. पण त्याला ती पलीकडची बिनलग्नाची नवरीही चालते. तो तिकडे गेला तर ही मोकळी झाली. हिला चिंचोटीहून येणारा नवरा मिळतो. त्याची जुनी नवरी मोकळी झाली, तिला हा बिनलग्नाचा उरलेला नवरा. एक लग्न मोडलं, दुसरं मोडलं आणि शेवटी एक जास्त जमलं. तीनशे पंच्याहत्तर."

फ्रेडरिकचं बोट तिच्या बोटामागून सरकत गेलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ते अर्ध्यात थांबलं.

"आनी छत्तीस?" त्याने विचारलं.

"छत्तीस होणारच नाही. एकादशीला सकाळी आठ चाळीसला सदतीस गाड्या एकाच वेळी रस्त्यावर असतात, मोजून बघा. त्याच्या खाली कुणीही जाऊ शकत नाही." मग ती जरा थांबून म्हणाली, "सापडली नाही आणि नाहीच, यात फरक असतो, काका. मलाही कॉलेजात हे उशिराच कळलं."

मुळ्याची जुडी बांधणारे हात थांबले. लग्नं मोडण्याची ही गोष्ट कॅथरिनने शेवटपर्यंत कान देऊन ऐकली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"म्हंजे गाडी व्हती?"

फ्रेडरिकने चष्मा काढून फळीवर ठेवला.

"अकरा वरसं गाडी व्हती?" तिने पुन्हा विचारलं. ती रागावली नव्हती. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"व्हती," तो म्हणाला.

त्याला खरंच रडू आलं. परक्या पोरीसमोर रडायचं कसं, म्हणून तो उठून आत गेला. बाहेर आला तेव्हा हातात मासे साफ करायची सुरी होती. अश्लेषा घाबरून सरकली. फ्रेडरिक फळीसमोर गुडघ्यावर बसला आणि नथूची गाठ त्याने कापली. मग दुसरी, मग तिसरी. नंतर अश्लेषाने दोरा धरला आणि त्याने नव्या गाठी मारल्या, सुटतील अशा. आपण बूट बांधताना मारतो तशा.

शुक्रवारी डेपोत त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं: "गाडी शिल्लक आहे. पूर्वी माझी चूक झाली." दुसऱ्या वाक्याची गरज नव्हती, साहेब म्हणाले. असू द्या, तो म्हणाला. ड्रायव्हर लोकांनी पंधरा दिवस त्याची भरपूर टिंगल केली. "रुमाव साहेब, आज कोणाचं लगीन मोडलं?" असं खिडकीतून ओरडून विचारायचे. त्याने ते सगळं गिळलं. काखेत कळसा ठेवून अकरा वर्षं गावाला वळसा घालणाऱ्याने आणखी काय करायचं?

सोमवारी पहाटे पावणेसहाला होळीच्या वाडीत पहिली गाडी लागली. फ्रेडरिक स्वतः गाडीच्या दारात उभा. फादर आले होते, बाया टोपल्या घेऊन आल्या होत्या, कुणीतरी ड्रायव्हरच्या गळ्यात झेंडूचा हार घातला होता. सगळ्या बाया चढल्या. कॅथरिनचा पत्ता नाही.

"ती तं निघाली मगाच चालत," एक शेजारीण म्हणाली. "म्हनली, गाडी आली तं आली."

गाडी सुटली. वाडीच्या वळणापलीकडे, निम्म्या वाटेवर, रस्त्याच्या कडेने टोपली चालली होती. फ्रेडरिकने घंटीची दोरी ओढली. ज्या माणसाने मध्येच गाडी थांबवणाऱ्या कंडक्टरांना अकरा वर्षं मेमो दिले, त्याने ओढली.

"हितं स्टॉप नाय," कॅथरिन म्हणाली.

"चढ."

त्याने टोपली घेतली. घेताना त्याचे खांदे खाली आले, कारण ती किती जड असते हे त्याला ठाऊक नव्हतं. कॅथरिन खिडकीपाशी बसली, चुंबळ सोडून मांडीवर ठेवली, पदर सारखा केला. तेवढ्यात गाडीने ब्रेक लावला. मोठा रस्ता आला होता.

तिने बाहेर पाहिलं. पुन्हा मागे वळून वाडीच्या दिशेला पाहिलं.

"एवढीशीच वाट व्हती?" ती म्हणाली.

फ्रेडरिक तिच्या शेजारी टोपली सांभाळत बसला होता. गाडी स्टेशनकडे वळली. तिने मानेवरून हात फिरवला, बराच वेळ फिरवला आणि मग बाजार जवळ आल्यावर अगदी साध्या आवाजात विचारलं, "आनी सांजच्याला परत यायला?"

"गनित ब..." त्याच्या तोंडून निघालं आणि तो थांबला. खिशातून पेन्सिल काढली, टोपलीतलं अळूचं पान बाजूला सारून खालच्या रद्दीच्या कागदावर एक रेघ मारली.

"बगतो," तो म्हणाला.