सगळ्यात मागची पुढारी

आमच्या धाकटीला घरात सगळे 'पुढारी' म्हणतात, कारण कुठेही निघालो की ही बया चार पावलं पुढेच. तिच्या कॉलेजने एक अख्खं सत्र रानात राहून नेतृत्व शिकवायचं ठरवलं, तेव्हा मी वैतागलोच. हिला आणखी पुढारीपण शिकवून आमच्या डोक्यावर बसवायचंय का?

तिथे रोज एकाने तुकडी न्यायची. हिची पाळी आली तेव्हा ही नकाशा घेऊन तरातरा खिंडीपर्यंत चढली. मागे वळून बघते तर चिटपाखरू नाही. तशीच खाली उतरली, तर एका मुलीच्या टाचेला फोड आलेले आणि सगळे तिच्यापाशी थांबलेले. शिकवणाऱ्या बाई एवढंच म्हणाल्या, "पुढारी खरी, पण कोणाची?" दुसऱ्या दिवसापासून ही सगळ्यांच्या मागे चालायला लागली. नकाशा दुसऱ्याच्या हातात आणि हिचं लक्ष सगळ्यांच्या पायांकडे.

फोनवर तिने हे सांगितलं, तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

आम्ही दोघं तिला घेऊन घरी आलो त्या दिवशी आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. तिच्या आईचे गुडघे कुरकुरणारे. मी किल्ली घेऊन पाचवा मजला गाठला आणि वरून ओरडलो, "अहो पुढारी, अडकलात कुठे?"

खालून शांत आवाज आला, "आईबरोबर तिसऱ्यावर बसलेय. बाबा, तुम्ही पुढे पोचलाच आहात, तर दार उघडा आणि पाणी घेऊन खाली या."

आणि मी, या घराचा कर्ता पुरुष, तांब्या भरून निमूट दोन मजले उतरलो.