उभ्या गव्हातली पंधरावी गाडी

मी परभणीत शाळेची बस चालवतो. बावीस वर्षं झाली. सकाळी लेकरं शाळेत सोडली की साडेदहाला मोकळा, पुन्हा साडेचारला गाडीवर. मधले सहा तास माझे. बायको होती तेव्हा हे सहा तास कुठं जायचे ते कळायचंसुद्धा नाही. ती गेली आणि ते तास रोज दारात येऊन बसायला लागले, आगंतुक पाहुण्यासारखे. चहा पाजला तरी उठत नाहीत.

एकुलती एक लेक बंगळुरूला नोकरीला आहे. संध्याकाळी सातला तिचा फोन येतो. पूर्वीही यायचा, पण तो आईला असायचा. मी आपला स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायचो, "माझा बी रामराम सांग गं!" आणि दोघी हसायच्या. आई गेल्यावर फोन माझ्या हातात आला, आणि तेव्हा कळलं की आम्हा बापलेकीला मिळून चारच वाक्यं येतात. जेवलात का. गोळी घेतली का. ऊन कसं हाय. ठेवू का. साठ लेकरांना एका आरोळीत गप्प करणारा माणूस मी, पण त्या "ठेवू का"पुढं माझी बोलती बंद व्हायची. "ठेव बाई," म्हणायचो. दोन मिनिटांत खेळ खलास.

मागच्या दिवाळीला ती आली, आणि जाताना आपलं गेमचं यंत्र आमच्या टीव्हीला जोडून गेली.

"बाबा, गाड्यांचा गेम हाय. सगळा मुलूख मोकळा. कुठंबी फिरा."

"दिवसभर गाडी चालवायची आन् घरी येऊन पुन्हा गाडीच? हे म्हणजे शाळा सुटली की पुन्हा शाळा!"

"ऐका तर. लोक ह्यात शर्यती लावतात. खरी मजा ती न्हाई. पंधरा जुन्या गाड्या लपवून ठेवल्यात. कुठं झाडीत, कुठं पडक्या शेडात, धूळ खात. त्या हुडकायच्या."

"शेडात म्हणजे आखाड्यावर?"

"हाव. आखाडाच म्हणा."

आमच्याकडं शेतातल्या गोठ्याला, राहायच्या खोपीला, सगळ्याला मिळून आखाडा म्हणतात. पेडगावच्या शिवारात माझ्या चुलत्याच्या आखाड्यावर अशीच एक जीप कडब्याखाली गाडली गेली होती. घरात सगळे तिला विसरले होते. लेक सहा वर्षांची असताना तिनं ती हुडकली. ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. ती काही जागा सोडेना. मग लेक शेजारी बसली, एक हात लांबवून स्टिअरिंग धरलं आणि तासभर तोंडानं गाडी पळवली. मी मागं कंडक्टर. "चला पूर्णा, पूर्णा, पूर्णा!" कोंबडीनं एकदाही मान वळवली नाही. उत्तम ड्रायव्हर होती.

तर लेकीनं नियम घालून दिले. तिनं स्वतः हा गेम आधीच पुरा केलेला, पंधराही जागा तिला पाठ. पण ती सांगणार नाही, फक्त इशारा देणार. आणि मी मोबाइलवर उत्तरं शोधायची नाहीत. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. नाटक करायचं तर पुरं करावं.

पहिला आठवडा मी त्या मुलखात नुसता वाहतुकीचा आदर्श घालून देत होतो. डाव्या बाजूनं, चाळीसच्या वेगानं, सिग्नलला थांबून. मागून शर्यतीच्या गाड्या माझ्या अंगावर धूळ उडवत निघून जायच्या.

"बाबा, काय करायलात?" लेकीनं फोनवर विचारलं.

"सिग्नल लागलाय."

"तिथं पोलीसच न्हाईत!"

"म्हणून काय झालं? आन् हे बघ, इंडिकेटरचं बटण कोणतं? मला कवापासून सापडंना."

ती इतकी हसली की तिकडं तिच्या मैत्रिणीनं येऊन विचारलं, काय झालं म्हणून.

त्या दिवशीचा फोन अर्धा तास चालला. मी घड्याळ बघितलं होतं.

मग रोजच बहार. दुपारी मी हुडकायचो, सातला हजेरी द्यायचो. पहिली गाडी मिळाली ती एका मोडक्या पुलाखाली, विटांच्या शेडात. पिवळी, दोन माणसांची, एक दिवा फुटलेला. शेडाजवळ गेलं की गेम जरा थांबतो, बाजा वाजतो, आणि दार करकरत उघडतं. मी टीव्हीपुढं उभा राहून टाळ्या वाजवल्या. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून जरा जास्तच वाजवल्या.

"आता नदी ओलांडा," ती सांगायची.

"कशी नदी? आपल्या गोदावरीवानी का दुधनेवानी?"

"दुधनेवानी. उन्हाळ्यातली."

"मग ओलांडायची कशाला, त्यातूनच जातो!"

असं करत करत चौदा गाड्या झाल्या. बोलता बोलता ती इतरही सांगायची. साहेब कसा आहे, भाजीत मीठ जास्त पडलं, आईची आठवण कधी येते. हे सगळं गाड्यांच्या आडून यायचं. सरळ विचारलं असतं तर तिनं सांगितलं नसतं, आणि मीही विचारलं नसतं.

पंधरावी गाडी मला शिमग्याच्या सुमाराला दिसली. म्हणजे तिचं शेड दिसलं. लाल पत्र्याचं, चारी बाजूंनी गव्हानं वेढलेलं. ओंब्यांनी भरलेला, कापणीला आलेला गहू. मी गाडी कडेला उभी केली आणि वाट बघायला लागलो. वाट नव्हती. धुरा बघितला, दोन शेतांमधल्या बांधावरून एखादी चाकोरी असते म्हणून. तोही नव्हता. तीन दिवस त्या शेताला प्रदक्षिणा घातल्या.

"बाबा, सरळ जा की मधून," लेक म्हणाली.

"उभ्या पिकातून?"

"ते खोटं हाय!"

"गहू दिसायलाय मला डोळ्यानं."

तिला चेष्टा वाटली. माझी चेष्टा नव्हती. माझ्या वडिलांची बैलगाडी मी लहानपणी हाकायचो. कुणाच्या उभ्या ज्वारीतून जायचं नाही, मग भले कोसभर वळसा पडो. एकदा संध्याकाळी घाईत माझे बैल दुसऱ्याच्या रानात शिरले. ज्वारीची दहाबारा ताटं आडवी झाली असतील. वडिलांनी मला हात लावला नाही. तसंच त्या शेतमालकाच्या घरी नेलं, ओट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "सांग, काय केलंस ते." मी सांगितलं. मालकानं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, आणि म्हणाला, "सांगायला आलास, बस झालं." आमच्याकडं हा रिवाजच होता. नुकसान झालं तर घरी जाऊन तोंडानं सांगायचं.

पण खरं ते कबूल करतो. चारेक दिवसांनी बोटं शिवशिवायला लागली होती. टीव्हीतलं पीक, घालावी गाडी. आणि मग मनात आलं: पंधरावी सापडली की सातच्या फोनला बोलायचं काय? जेवलात का. गोळी घेतली का.

मी बटणावरचा अंगठा उचलला.

"सुगी झाली की जाईन," लेकीला म्हणालो. "कापणी झाल्यावर रान मोकळं होईल."

"बाबा, गेममधे कापणी होत न्हाई."

"बघू की. कुणी तरी पेरलंय म्हणजे कुणी तरी कापंलच."

मग तिलाही त्यात गंमत वाटायला लागली. रोज फोन उचलला की पहिला सवाल, "कापला का गहू?" आणि मी रंगवून सांगायचो. मजूर मिळेनात. हार्वेस्टर दुसऱ्या गावाला गेलाय. मालक लग्नाला गेलाय. दीड महिना मी तो गहू उभा ठेवला. आमच्या शिवारातला कधीच निघून घरात आला होता.

मे महिन्यात ती दोन दिवसांसाठी आली. जेवणं झाली आणि दुपारी ती टीव्हीपुढं मांडी घालून बसली. "दाखवा तुमचं रान." मी गेम लावला. माझी गाडी रानाच्या कडेला उभी होती, जशी रोज असायची.

तिनं माझ्या हातातून रिमोट घेतला आणि "बघा हं," म्हणाली. मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत गाडी गव्हात घुसली. ओंब्या दोन्ही बाजूंना सपासप आडव्या. पंधरा सेकंद लागले असतील. बाजा वाजला, दार करकरलं. आत निळी लांबलचक गाडी, धुळीनं पांढरी.

"झालं! पंधरा!" ती उठून नाचली. माझे दोन्ही हात धरून मलाही नाचवलं. मी नाचलो. चांगला नाचतो मी.

"मालकाला सांगायला पाहिजे," मी म्हणालो.

"काय बाबा तुमी!" म्हणाली, आणि बॅग भरायला गेली.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशीचा फोन. जेवलात का. गोळी घेतली का. "गेम खेळलात का?" तिनं विचारलं. "आता काय खेळायचं त्यात," मी म्हणालो. "ऊन लय असंल न्हाई?" "लय हाय." "ठेवू का?"

दुसऱ्या दुपारी मी गेम लावला आणि मालकाच्या शोधात निघालो. हसू येतं सांगताना, पण निघालो. शेतापासून जवळ एक गाव होतं. टुमदार घरं, खिडक्यांत फुलं, अंगणात खुर्च्या. मी घरोघर गाडी नेली. दारं नुसती रंगवलेली. जवळ गेलं की भिंतच. रस्त्यावर माणसं होती, गाडी बघून बाजूला उड्या मारायची, बोलायचं कुणी नाही. तेव्हा ध्यानात आलं की त्या सबंध मुलखात उघडणारी दारं पंधराच होती. पंधराही उघडून झाली होती.

परत शेतावर आलो. गहू जसाच्या तसा उभा. लेक जिथून गेली तिथं एक ओंबीसुद्धा वाकलेली नव्हती. चार दिवसांमागं इथून कुणी गेलं, नाचलं, हसलं, त्याची काही खूणच नाही. मी बराच वेळ गाडी चालू ठेवून बसलो. इंजिनाचा आवाज घरात बरा वाटत होता.

मग मी पुढचं काम केलं. गेमची यादी उघडली, सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करायचं बटण शोधलं. यंत्रानं विचारलं, नक्की का? हो. सगळं जाईल. हो. पुन्हा विचारतो, नक्की? केवढी काळजी बिचाऱ्याला.

सातला फोन आला. मी आवाज पाडला. पडेल आवाज मला फार छान जमतो.

"बाई, घात झाला. चुकून काय तरी दाबलं गेलं. सगळं पुसलं."

"काय? बाबा! पंधराच्या पंधरा?"

"एक बी राहिली न्हाई. पुन्हा तो सुरुवातीचा रस्ता आन् तो सिग्नल."

"तीनदा विचारतंय ते! तीनदा 'हो' म्हणलात का तुमी?"

"चष्मा नव्हता."

ती हसत सुटली. हसता हसता थांबली. मला वाटलं, आता "ठेवू का" येणार.

"बरं," ती म्हणाली, आणि खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "रिमोट घ्या हातात. पहिली गाडी कुठं होती, आठवतंय का?"

मोडका पूल. विटांचं शेड. पिवळी, दोन माणसांची, डावा दिवा फुटलेला.

"न्हाई गं माय," मी म्हणालो. "तूच सांग."